नानांच्या नावावर माझा श्वास

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. दगडूनानांच्या झोपेची जी तपासणी झाली, ती नानांच्या झोपेची नव्हतीच. ती माझ्या झोपेची होती. पट्टा माझ्या छातीला होता, नळी माझ्या नाकात होती, चिमटा माझ्या बोटाला होता, आणि कागदावर नाव छापून आलं ते नानांचं. त्या कागदाच्या भरवशावर नानांसाठी श्वासाचं मशीन घेतलं. ते चुकीचं होतं आणि ते चुकीचं असणार हे दुकानात नाना सोडून फक्त मला माहीत होतं.

आता एका शाळेत पंचवीस वर्षं कारकुनी केलेला, सही कुठे करायची आणि शिक्का कुठे मारायचा हे लोकांना शिकवणारा माणूस असं का करेल, हे नाना कोण ते कळल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून आधी नाना.

धुळ्यात हायवेच्या कडेला नानांचं पंक्चरचं दुकान. पत्र्याची शेड, एक कंप्रेसर, पाण्याने भरलेली अर्धी कापलेली टाकी आणि टायरांची चळत. माणसं भेटली की रामराम करतात. नाना विचारायचे, "हवा बरोबर शे ना?" उत्तर ऐकायला ते थांबत नसत. तोवर त्यांचा अंगठा तुमच्या गाडीच्या चाकावर गेलेला असे. तुम्ही पायी आला असाल तर त्यांची थोडी पंचाईत व्हायची, मग ते तुमच्या दंडाला अंगठा लावून बघत.

सुनंदाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात दोंडाईच्याहून वऱ्हाड आलं. दारात व्याही उभे, हार घेऊन बायका उभ्या, आणि नाना बेपत्ता. ते वऱ्हाडाच्या गाडीच्या मागे उकिडवे बसून चारही चाकं दाबत होते. मग हात झटकत आले आणि व्याह्यांच्या गळ्यात हार घालता घालता म्हणाले, "मांगलं डावं उतरेल शे. पोरगाले असा लई उनात?" बोलत होते ते मागच्या डाव्या चाकाबद्दल, पण व्याह्यांना वाटलं, हा काहीतरी मानपानाचा टोमणा आहे. पुढे वर्षभर दोन्ही घरांत त्यावरून कुरबूर होती.

नानांच्या लेखी जग हवेवर चाललेलं होतं. "मानूस म्हंजे टूब शे," ते म्हणायचे, "बठ्ठा खेळ वालना." बठ्ठा म्हणजे सगळा आणि वाल म्हणजे व्हॉल्व्ह. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक चिडके. त्यांना नाना म्हणत, "हवा जास्ती शे, उन्हमा फुटी." कोपऱ्यावरचे किराणावाले सदा हसत. त्यांना म्हणत, "टूबलेस शे, खिळा लागी तरी चालस." आणि मला म्हणायचे, "मास्तर, तुनं स्लो पंक्चर शे. दिवसभर दिखस नही, सकायले चाक बसेल ऱ्हास."

मी मास्तर नाही, कारकून आहे, हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं. "शाळामा बसस ना? मंग?" एवढ्यावर तो विषय संपे. स्लो पंक्चरबद्दल मात्र मला कधी काही म्हणता आलं नाही. मी कोणालाच फारसं काही म्हणत नाही. नाही म्हणायचं असलं तरी आधी मान हलते, आणि ती होकाराची असते.

त्या पाण्याच्या टाकीत नाना काहीही बुडवत. टूब तर झालीच, पण गरम पाण्याची पिशवी, कुकरची रिंग, नातवाचा फुगा. बुडबुडा कुठून येतो हे बघितल्याशिवाय त्यांना कोणत्याच वस्तूवर विश्वास ठेवता येत नसे. एकदा बायकोने माहेरून, फैजपूरहून, केळीच्या वेफर्सचं मोठं पाकीट आणलं, ते मी त्यांना द्यायला गेलो. त्यांनी पाकीट टाकीत दाबून धरलं. एकही बुडबुडा आला नाही. "पॅकिंग चांगलं शे," म्हणाले आणि मग फोडलं.

अक्का होत्या तोवर या सगळ्याला घरात एक लगाम होता. अक्का म्हणजे नानांची बायको. त्या म्हणायच्या, "घरमा तुम्हना अंगठा खिशामा ठेवा." चार वर्षांपूर्वी अक्का झोपेतच गेल्या. सकाळी नाना चहा मागत बसले आणि चहा आला नाही, तेव्हा कळलं.

त्यानंतर नानांचं घोरणं आमच्या गल्लीच्या नीट कानावर येऊ लागलं.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात घराच्या आत झोपणं कठीणच. भिंती रात्रभर तापलेल्या असतात. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या आणि सगळ्या गल्लीने वर जाऊन पडायचं. नानांची आणि माझी गच्ची एकमेकींना लागून, मध्ये गुडघाभर कठडा. घोरणारे गल्लीत पुष्कळ होते. नानांचं घोरणं वेगळं होतं, कारण ते थांबायचं.

आधी कंप्रेसर सुरू झाल्यासारखा घर्र आवाज चढत जायचा. मग एकदम काही नाही. त्या काही नाहीमध्ये सगळी गल्ली जागी व्हायची. समोरच्या गच्चीवर कोणी कूस बदलायचं, कोणी खाकरायचं. मी कठड्याकडे तोंड करून मोजायचो. दहा. पंधरा. वीस. पंचविसाच्या आसपास नाना गुदमरल्यासारखे हुंकार देऊन उसळायचे आणि घर्र पुन्हा सुरू. मग समोरून किराणावाल्यांचा आवाज यायचा, "सुरू झाली गाडी." कोणी तरी हसायचं. मी हसायचो नाही. माझे वडील बावन्नाव्या वर्षी असेच झोपेत गेले, आणि मलाही त्या वर्षी बावन्नावं लागलं होतं.

दिवसा नाना पेंगायला लागले. बोलता बोलता हनुवटी छातीवर जायची. एके दुपारी ट्रॅक्टरच्या टूबमध्ये हवा भरता भरता त्यांचा डोळा लागला. हात नळीवर तसाच. टूब फुगत गेली, फुगत गेली आणि फुटली. नानांना काही झालं नाही. पण अर्ध्या हायवेवरची माणसं धावत आली आणि नाना त्या आवाजानेसुद्धा पुरते जागे झाले नव्हते. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "कोननी गाडी?"

सुनंदा दोंडाईच्याहून दुसऱ्या दिवशी आली. ती तिकडे शाळेत शिकवते, खऱ्या अर्थाने मास्तरीण आहे आणि आवाजही तसाच आहे. बापाला धरून ती छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नानांची मान बघितली, पोट बघितलं, बोटाला चिमटा लावून बघितला आणि म्हणाले, घशाची वाट झोपेत बंद होत असावी, शिवाय इतक्या वर्षांच्या रबर सोल्युशनच्या वासाने फुफ्फुसंही दमलेली दिसतात. कोणतं मशीन लागेल ते झोपेची तपासणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. तपासणी घरीच होते. जळगावच्या लॅबचा माणूस पेटी आणून देतो, रात्रभर बांधून झोपायचं, सकाळी तो घेऊन जातो.

पेटी घेऊन आला तो वसंत. एरंडोलचा, चाळिशीचा, शर्ट खोचलेला, बोलणं हळू. मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच नानांनी त्याच्या मागच्या चाकाला अंगठा लावला. हवा कमी होती. नानांनी त्याला पंप आणून हवा भरून दिली, तेव्हाच आत घेतलं. वसंतने पट्टा कसा बांधायचा, नळी नाकाला कशी लावायची, चिमटा कोणत्या बोटाला, सगळं दोनदा दाखवलं. मी तिथेच होतो. "मास्तर, तुम्हीही बघून ठेवा," तो म्हणाला, "नानांना रात्री मदत लागली तर." मी मान हलवली. सुनंदाची शाळा सुरू होती, ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

माझी बायको त्या आठवड्यात फैजपूरला भाच्याच्या लग्नाला गेली होती. रात्री मी गच्चीवर गादी टाकत होतो, तर कठड्यावर नाना. हातात तो पट्टा.

"हाई तू बांध," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, तपासणी तुमची आहे."

"माले माहीत शे. म्हनीसनच तू बांध."

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या धंद्यात टायर निकामी झालं की त्याच्यावर खडूने फुली मारतात. "एकदाव फुली मारी ना मास्तर, मंग ते टायर कोनीच चढावस नही. त्यामा जीव ऱ्हाओ का न ऱ्हाओ. हाई मशीन बठ्ठं लिखी ठेवी. मंग सुनंदा दुकान बंद करी, माले दोंडाईचाले लई जाई, आनि एक खोलीमा ठी देई." बोलताना ते पट्ट्याचं बक्कल अंगठ्याने दाबून बघत होते. मग त्यांनी तो कठड्यावरून माझ्यापुढे धरला.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी पट्टा घेतला.

त्यांनीच तो मला बांधला. पट्टा नानांच्या घेराचा होता, तो दोन वेढे मारून घट्ट केला. नाकात नळी, बोटाला चिमटा, छातीवर दिवा लुकलुकणारी पेटी. कठड्यापलीकडून सूचना येत राहिल्या. "उताना झोप. हालू नको. मशीन गडबडी जाई." आणि पाच मिनिटांत नाना स्वतः घोरायला लागले.

त्या रात्रीसारखी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. माझ्या छातीवरची पेटी माझा एकेक श्वास टिपत होती, आणि जो टिपायला हवा होता तो चार हातांवर थांबत होता. घर्र बंद झालं की माझाही श्वास आपोआप धरला जायचा. पंधरा, वीस, मी डोळे ताणून काळोखात बघतोय, दिवा लुकलुकतोय. नाना उसळले की मी सोडायचो. पहाटे कधी तरी झोप लागली असावी. नंतर कागदावर "सौम्य" असं आलं, तासाला थोडे अडथळे. माझा अंदाज आहे की त्यातले निम्मे अडथळे म्हणजे नानांसाठी मी धरलेला श्वास.

सकाळी वसंत आला. पट्टा तोवर नानांच्या अंगावर चढलेला होता. "झोप लागली ना?" त्याने विचारलं. "मस्त," नाना म्हणाले. ते खरंच होतं.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी भुवया वर केल्या. एवढ्या जाड मानेचा माणूस आणि सौम्य? ते म्हणाले, आपण पुन्हा करू, या वेळी दवाखान्यात एक रात्र राहा. नाना म्हणाले, "लिखेल शे ना? मंग?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फुफ्फुसांच्या चित्राकडे पाहिलं. शेवटी त्यांनी चिठ्ठी दिली, वजन कमी करा, कुशीवर झोपा, आणि साधं एका दाबाचं मशीन वापरून बघा, फरक पडला नाही तर लगेच या. लगेच या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नानांनी गल्लीत पेढे वाटले. किराणावाल्यांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग रात्री ते काय वाजतं?" नाना म्हणाले, "ते सौम्य शे."

मशीन घ्यायला आम्ही जळगावला गेलो. नाना एसटीच्या चाकांची तपासणी करून मगच चढले, ड्रायव्हरशी थोडी वादावादीही झाली. दुकानात एक बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. टेबलावर मशीनं मांडलेली. नानांचे डोळे चमकले. हवेची इतकी यंत्रं एका जागी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

बाईंनी एकेक समजावून सांगितलं. कोपऱ्यातलं मोठं, चाकांवरचं, ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढतं. ते घशाची वाट उघडत नाही, ज्याला प्राणवायू कमी पडतो त्याला डॉक्टर सांगतील तेवढाच द्यायचा, मनाने वाढवायचा नाही. टेबलावरचं पहिलं, एकाच दाबाने रात्रभर हवा देतं, त्याने घशाची वाट मिटत नाही. दुसरं, तेच काम करतं पण दाब स्वतःच कमीजास्त करतं. तिसरं, दोन दाबांचं. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. ज्यांची छाती हवा आत ओढून आणि बाहेर काढून दमते, त्यांच्यासाठी.

"पाउंड कितले?" नानांनी विचारलं.

"यात पाउंड नसतात, आबा. पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात."

नानांना हे फार आवडलं. पाणी आलं म्हणजे धंदा खरा. त्यांनी बादली मागितली. बाईंनी "कशाला" असं विचारेपर्यंत त्यांनी मास्क आणि नळी घेऊन आतल्या मोरीतली बादली गाठली होती. नळी बुडवून त्यांनी बुडबुडे पाहिले आणि बाहेर येऊन सांगितलं, "जोडजवळ लीक शे, दुसरी द्या." बाईंनी बघितलं. खरंच होतं. त्यानंतर त्या नानांशी वेगळ्या आदराने बोलायला लागल्या.

मग नाना एकेक मास्क तोंडावर धरून खुर्चीत बसले, डोळे मिटून. पहिल्या मशीनला म्हणाले, "हाई नुस्तं ढकलस." दुसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत. तिसरं लावलं आणि बराच वेळ उठले नाहीत. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर हळूहळू वरखाली होत होता, जसा तो टूब भरताना व्हायचा. त्यांनी मास्क काढला.

"हाई पाहिजे," ते म्हणाले. "हाई भरस आनि सोडस. मनी छातीले हाई समजस."

चाळीस वर्षं हवा हाताळलेल्या माणसाने आपल्या छातीला काय हवं ते बरोबर ओळखलं होतं. सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी बरोबर तेच मशीन लिहून दिलं. पण त्या दिवशी बाईंच्या हातात रिपोर्ट होता.

त्या म्हणाल्या, "आबा, हे तुम्हाला लागणारच नाही. ज्यांचा आजार जास्त आहे त्यांना देतो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देतच नाही. तुमचा तर सौम्य आहे." मग कागद खालीवर बघून त्यांनी मला विचारलं, "हा रिपोर्ट यांचाच आहे ना?"

विचारण्यात संशय नव्हता. त्या नुसती खात्री करून घेत होत्या. मला एक शब्द बोलायचा होता. नाना माझ्याकडे बघत होते, मास्क मांडीवर धरून. त्या नजरेत मला दोंडाईच्याची ती एक खोली दिसली. आणि खरं सांगायचं तर मला माझीही लाज दिसली. सुनंदा काय म्हणेल, डॉक्टर काय म्हणतील, शाळेत काय कळेल.

मी म्हटलं, "हो. यांचाच आहे. साधंच द्या."

नानांनी तिसरं मशीन हाताने थोडं मागे सरकवलं, उधारीत न मिळालेल्या वस्तूसारखं, आणि उठले.

साधं मशीन त्यांनी निष्ठेने वापरलं. रोज धुवायचे, रोज टाकीत बुडवून नळी तपासायचे. पावसाळ्यात आम्ही गच्चीवरून खाली आलो, तरी भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मशीनचा बारीक सूं सूं आवाज चालू असायचा आणि त्याच्या आत नाना थांबायचे. मशीन चालू आणि माणूस बंद. गच्चीवर निदान किराणावाले खाकरायचे. आता मोजणारा मी एकटाच होतो.

त्यांचे पाय सुजले. सकाळी डोकं दुखायला लागलं. "मशीन नवीन शे, छातीले सवय व्हवाले टाइम लागी," ते म्हणायचे. मी दोनदा म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, दिवाळीनंतर. मी सोडून दिलं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

थंडी पडायला लागली होती. सकाळी दहाच्या सुमाराला शाळेत फोन आला. नाना दुकानात खुर्चीवर बसलेले होते, समोर ट्रकवाला उभा, कंप्रेसर चालू, आणि नाना उठत नव्हते. मी पोचलो तेव्हा ट्रकवाला त्यांच्या तोंडावर पाणी मारत होता. ओठ जांभळे झालेले. मी त्यांच्या नाकापाशी हात धरला. हवा येत होती, इतकी थोडी की त्यांनीच म्हटलं असतं, हवेच्या मापाची सुई हालत नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात नको असलेली हवा साठत गेली आहे, ती बाहेरच पडत नाही. लगेच दोन दाबांच्या मशीनवर घेतलं. तीन दिवस काचेतून मला त्यांचा मास्क आणि वरखाली होणारं पोट दिसत होतं. आत भरत होतं आणि सोडत होतं. चौथ्या दिवशी नानांनी डोळे उघडले आणि पलंगाच्या चाकाकडे बोट दाखवलं. चाक खरंच वाकडं होतं.

पुन्हा झोपेची तपासणी झाली, दवाखान्यातच, सगळ्यांसमोर. "तीव्र" असं आलं. सुनंदाने दोन कागद शेजारी ठेवले आणि ती पेटली. तिने लॅबला फोन केला, तक्रार केली, वसंतला बोलावून घेतलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो उभा राहिला, शर्ट खोचलेला.

"कोणाचा रिपोर्ट माझ्या बापाच्या नावावर लावला तुम्ही?" सुनंदा म्हणाली. "दिवसाला किती पेट्या वाटता? नावं तरी वाचता का?"

"ताई, त्या दिवशी माझ्याकडे एकच पेटी होती," वसंत म्हणाला. "मी नानांच्या हातात दिली. सकाळी त्यांच्याच अंगावरून काढली. हे मास्तर होते ना तिथे. मास्तर, सांगा ना."

मी म्हटलं, "मी होतो. पण माझं तेवढं लक्ष नव्हतं."

वसंतने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याने ओळख दाखवली नाही की माणूस बघतो, तसं. मग तो सुनंदाला म्हणाला, "चूक झाली असेल ताई, माफ करा." पंधरा दिवसांनी लॅबने त्याला काढलं. तो आता एरंडोलला मेव्हण्याच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, असं कळलं.

वसंत व्हरांड्यात येऊन गेला त्याच संध्याकाळी नानांचा मास्क जेवणापुरता काढून ठेवला होता. सुनंदा औषधं आणायला गेली होती. मी वरणभात भरवत होतो. म्हटलं, "नाना, मी तिला सगळं सांगतो."

त्यांनी माझा हात धरला. घास ताटात पडला.

"कोनले सांगू नको," ते म्हणाले. प्रत्येक दोन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागत होतं. "सुनंदा तुले मना घरमा येऊ देनार नही. मंग मी बोलसू कोनसंगे?"

माझी मान हलली, होकाराची. मग नानाच पुन्हा बोलले, या वेळी खिडकीकडे बघत.

"ते खडूनी फुलीनं कारन तुले खोटं सांगं मी. मास्तर, अक्का गयी ना त्या रातले, तिनी हाक मारी का नही, माले माहीत नही. मी बाजूलेच घोरी ऱ्हायनू व्हतू. मशीननी लिखी दिन्हं असतं का हाऊ मानूस इतलं घोरस, का याले कानमा ढोल वाजाडा तरी ऐकू येत नही, तर मंग..." ते थांबले. "मंग माले समजी जातं ना, का तिनी मारी व्हई."

मी मास्क उचलला आणि त्यांच्या तोंडावर बसवला. कडेने हवा जाते का ते त्यांनी स्वतःच अंगठ्याने फिरवून बघितलं, आणि डोळे मिटले.

आता नाना घरी आहेत. दुकान चालू आहे, सकाळचे चार तास. नवीन मशीन त्यांच्या छातीला समजतं. भिंतीपलीकडे आता एकसारखा आवाज येतो. मला मोजावं लागत नाही, तरी झोप लागत नाही.

मधे एकदा मी जळगावहून परतताना एरंडोलला उतरलो. स्टँडसमोर ते दुकान दिसत होतं. वसंत एका म्हाताऱ्याला मोबाइलमध्ये आवाज कसा वाढवायचा ते दाखवत होता, हळू आवाजात, दोनदा. मी रसवंतीत बसून दोन ग्लास रस प्यायलो आणि पुढच्या गाडीने धुळ्याला आलो.

नानांना दिलेला शब्द मी हे लिहून मोडला आहे. त्यांच्या घराचं दार मला बंद झालं तर ते माझ्यामुळे होईल, आणि त्यांना बोलायला माणूस उरला नाही तर तेही माझ्यामुळेच. तरीही सुनंदाला हे माझ्या तोंडून कळायला हवं, आणि त्या लॅबला माझ्या सहीने. वसंतसमोर उभं राहून, पेटी माझ्या छातीवर होती आणि माझं लक्ष होतं, एवढी दोन वाक्यं मला म्हणायची आहेत. ती मी अजून म्हटलेली नाहीत.